घरच्या झाडाचा साबुदाणा

आमच्या घरात एक किस्सा सांगतात आणि तो मला मुळीच आवडत नाही. कुणाचं लग्न असो, मुंज असो, नाहीतर नुसतीच चार माणसं जेवायला जमलेली असोत, हात धुऊन झाले की माझे काका अजूनही, खरं काय ते ऐकल्यावरसुद्धा, खुर्ची मागे सरकवतात आणि म्हणतात, "अरे, वहिनीने दादाला साबुदाण्यात कसं निपटवलं असतं, ते यांना सांगितलं का?" मग सगळे हसतात. आई होती तोवर तीही हसायची, आणि लगेच उठून ताटं उचलायला लागायची. किश्श्याचा मतलब एवढाच, की माझ्या आईला साबुदाणा नीट भिजवता आला नाही आणि त्यापायी माझे वडील मरता मरता वाचले. हे खोटं आहे. मी जन्मभर कॉलेजात बॉटनी शिकवली, आता रिटायर झाले, गुडघे गेले, पण हे खोटं कानावर पडलं की अजून माझं डोकं तापतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधी हे वाचावं आणि मग हसावं.

आम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहायला आलो तेव्हा मी लहान होते आणि कॉलनीही लहान होती. मध्ये मध्ये मोकळे प्लॉट, त्यांत बाभळी आणि म्हशी. सकाळी पोहे-जलेबीवाल्याची घंटी, मग शेजारच्या चौधरीजींची स्कूटर, जी दहा-बारा किका मारल्याशिवाय कधी सुरू झाली नाही, आणि त्या सगळ्यावर आमच्या बाबांचा आवाज. बाबा सरकारी दफ्तरात होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या कारभारात कुठल्याशा टेबलावर बसत, आणि त्या टेबलाच्या जोरावर बाबा जगातल्या प्रत्येक विषयावर निकाल देत. पावसापासून पित्तापर्यंत सगळं त्यांना ठाऊक असे. आई ऐकून घेई. ती राजवाड्याजवळच्या गल्लीत वाढलेली, माणसांच्या गर्दीत वावरलेली, बोलायला चांगली चुरचुरीत होती म्हणे. हे मला मावशीने सांगितलं. मी पाहिलेली आई मात्र बाबांच्या पुढ्यात वाटी सरकवायची आणि त्यांच्या भुवयांकडे बघत उभी राहायची. खिचडीचा दाणा न् दाणा मोकळा हवा, दाण्याचं कूट जाडसर हवं, वर लिंबू आणि फराळी मिक्श्चर हवं. एखादा दाणा दुसऱ्याला चिकटला तर बाबा तो बोटाने वेगळा करून ताटाच्या काठावर ठेवत, काही न बोलता. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

घराची वास्तुशांत झाली त्या आठवड्यात बाबा रिक्षात घालून एक झाड घेऊन आले. जाड, काळपट, खवल्यांचं खोड, आणि वर पिसांसारख्या लांब कडक पानांचा झुबका. नर्सरीवाल्याने त्यांना सांगितलं होतं, "बाऊजी, साबूदाना इसी से बनता है." झालं. बाबांनी ते गेटच्या आत, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असं लावलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, की पूर्ण इंदूरमध्ये साबुदाण्याचं झाड फक्त आमच्याकडे आहे. लोक मान डोलवत. कॉलनीतल्या बायका एकादशीला त्याला हळदकुंकू वाहून जात. झाड आपलं ढिम्म. वर्षाकाठी एकदा पानांचा नवा फेर फुटायचा, लहान मुलाच्या मुठीसारखी वळलेली कोवळी पानं उलगडायची, आणि पुन्हा वर्षभर शांतता. आता हॉटेलांच्या दाराशी, बँकांच्या पायऱ्यांवर अशी झाडं कुंड्यांतून मिरवतात, लग्नाच्या गेटवर त्यांची पानं शेकड्याने खोचतात, पण तेव्हा खरोखरच आमच्या भागात दुसरं नव्हतं.

मी बी.एस्सी.ला बॉटनी घेतली ती बाबांच्या मनाविरुद्ध. दुसऱ्या वर्षाला आम्हाला जिम्नोस्पर्म शिकवायला एक मॅडम होत्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर 'अनावृतबीजी' लिहिलं, म्हणजे ज्यांचं बी उघडं असतं, फळाच्या पोटात झाकलेलं नसतं, आणि मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "हँस लो. ये पेड़ तब से हैं जब फूल नाम की चीज़ नहीं थी." मग त्यांनी आम्हाला काम दिलं, की आपापल्या घरात अशा झाडांचं काय काय सापडतं ते घेऊन या. आम्हाला वाटलं, मध्य प्रदेशातल्या घरात देवदार आणि चीड, म्हणजे पाइन, कुठून सापडणार? पण दुसऱ्या दिवशी टेबल भरून गेलं. कुणी देवापुढचा देवदाराचा धूप आणला, कुणी डिंकाच्या लाडवांतून उरलेले चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, कुणी भावाच्या व्हायोलिनच्या गजाला लावायची राळ, कुणी रंगाच्या डब्यातलं टर्पेंटाइन, सफरचंदाच्या पेटीची एक फळी. एकीच्या वहीत मोरपंखीची डहाळी होती, विद्या येते म्हणून लहानपणापासून ठेवलेली. मीही ठेवायची. मी आमच्या झाडाचं एक पान नेलं आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "मॅडम, साबूदाने का पेड़."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पान हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "तुम्हारे घर सायकस है? कितना बड़ा?" पुढच्या रविवारी त्या स्वतः घरी आल्या. बाबांनी त्यांना झाडाची कीर्ती ऐकवली. त्या ऐकत होत्या आणि माझ्याशी बोलत होत्या. यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराला उभा मोठा शंकू येतो, मादीला पानांच्या मध्ये मखमली तपकिरी पानांसारखं काही फुटतं आणि त्यांच्या कडांना उघडी बीजं लागतात. आमचं झाड मादी होतं, आणि त्या वर्षी ती तपकिरी पानं फुटली होती. मॅडम आनंदाने लहान मुलीसारख्या झाल्या. मग बाबांकडे वळून अगदी आदराने म्हणाल्या, "लेकिन भाईसाहब, हमारे यहाँ का साबूदाना इससे नहीं बनता. वो तो टैपिओका का कंद होता है. और इसके बीज किसी को खाने मत दीजिएगा, ज़हरीले होते हैं." बाबांनी त्यांना चहा पाजला, गेटपर्यंत सोडलं, आणि घरात येऊन म्हणाले, "कॉलेजात शिकवते म्हणजे काय सगळं येतं? नर्सरीवाला खानदानी माणूस आहे."

ती बीजं वाढली. पावसाळा गेला, थंडी आली, आणि ती लिंबाएवढी होऊन शेंदरी झाली. मी एक कापून पाहिलं. आत पांढरा टणक गर होता, पण अंकुर नव्हता. जवळपास नर झाडच नाही तर पराग येणार कुठून? ती बीजं नुसतीच फुगली होती. मला त्या झाडाची दया आली आणि प्रॅक्टिकलच्या वहीसाठी चित्र काढायला मिळालं म्हणून आनंदही झाला. बाबांना मात्र वेगळंच सुचलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केलं, की येत्या शिवरात्रीला फराळाला सगळ्यांना बोलवायचं आणि घरच्या झाडाच्या साबुदाण्याची खिचडी खिलवायची. मी म्हटलं, "बाबा, ते विष आहे. मॅडमनी सांगितलं ना तुम्हाला."

"मतलब हे कुणीच खात नाही?"

इथे मी खरं बोलले. म्हटलं, दक्षिणेत काही ठिकाणी लोक खातात, पण ते गर फोडून कित्येक दिवस पाण्यात ठेवतात, पाणी बदलत राहतात, तेव्हा कुठे विष उतरतं.

"खातात ना? मग झालं," बाबा म्हणाले. "जास्त होशियारी नको करू माझ्यासमोर. दोन वर्षं कॉलेजात गेली तर बापाला शिकवते." आणि आईला म्हणाले, "एक दिवस भिजव, वाट, चाळणीतून दाणे पाड. वरचं पांढरं पाणी फेकू नको, सत्त्व त्यातच असतं." माझ्या तोंडचं अर्धं वाक्य उचलून त्यांनी माझ्याच डोक्यात घातलं. या माणसाला पूर्ण वाक्य ऐकायची सवयच नव्हती. दफ्तरात साहेबांचं ऐकत असतील कदाचित, घरात तरी मी कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा दफ्तरात गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईला गाठलं. ती बत्त्याने बिया फोडत होती, पायाशी शेंदरी सालांचा ढीग. मी म्हटलं, सगळं उचलून फेकून देते.

"झाडावर अजून आहेत," आई म्हणाली.

"मग तू करू नकोस. नाही म्हण."

"मी नाही म्हटलं तर ते चौधरीणबाईकडून करून घेतील. तिला काय माहीत आहे?" बत्ता थांबला. "बेटा, पाण्याने जातं म्हणालीस ना? खरं सांग."

"बरंचसं जातं. पण किती गेलं, किती राहिलं, ते कळणार कसं?"

"जेवढं जाईल तेवढं घालवू," आई म्हणाली आणि पुन्हा बत्ता उचलला.

आणि तिने घालवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून ठणकावून सांगते. गराचे तुकडे करून तिने मागच्या अंगणातल्या मोठ्या पातेल्यात भिजत घातले आणि आठवडाभर, सकाळी बाबा आंघोळीला गेले की एकदा आणि संध्याकाळी ते यायच्या आधी एकदा, ते पाणी मोरीत ओतलं आणि नवं भरलं. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी यायचं. तिने कपडे कमी धुतले, अंगण धुवायचं सोडलं, चौधरीजींच्या हातपंपावरून कळश्या आणल्या, कमरेत कळ येत असताना. मग तुकडे वाळवले, दळले, पीठ पुन्हा पाण्यात कालवलं, खाली बसू दिलं, वरचं पाणी पुन्हा ओतलं. बाबांनी विचारलं, "सत्त्व ठेवलंस ना?" ती म्हणाली, "हो." माझ्या माहितीत ती बाबांशी एवढं एकच खोटं बोलली. पुढे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले, की या झाडाचं विष पाण्यात विरघळतं, आणि प्रत्येक वेळी मला मोरीत पडणाऱ्या त्या पाण्याचा आवाज ऐकू यायचा.

शिवरात्रीला दुपारी काका आले, चौधरीजी आणि चौधरीणबाई आल्या, बाबांच्या दफ्तरातले दोघे आले. आईने दुकानातल्या साबुदाण्याची खिचडीही गुपचूप करून ठेवली होती, बटाट्याचा हलवा होता, राजगिऱ्याच्या पुऱ्या होत्या, दही होतं. मधोमध ते प्रकरण. करड्या रंगाच्या ओबडधोबड गोळ्या, तुपाच्या फोडणीतही कशाचा तरी कुबट वास येणाऱ्या. बाबांनी उभं राहून झाडाचा इतिहास सांगितला. ते थांबले तशी मी म्हटलं, "ही खिचडी कुणी खाऊ नका. हे बी विषारी असतं." हिंदीत म्हटलं, म्हणजे सगळ्यांना कळावं.

चौधरीजी हळूच बाबांना म्हणाले, "भिया, बच्ची पढ़ी-लिखी है. अपन तो ये दूसरी वाली ले लेते हैं." दफ्तरातल्या दोघांनी पुऱ्यांकडे हात वळवला. काकांनी तर ताटच मागे घेतलं. पुढे ज्यांनी तो किस्सा जन्मभर सांगितला, त्यांनी त्यातला एक घास खाल्ला नव्हता, हे लक्षात ठेवावं. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ती खिचडी आपल्या ताटात वाढून घेतली आणि उभ्या उभ्या, माझ्याकडे बघत, सगळी संपवली. पुन्हा वाढून घेतली. आई म्हणाली, "अहो, पुरे." त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतली. मला त्या क्षणी त्यांची काळजी वाटली नाही. संताप आला, आणि तो मी आजही लपवत नाही.

दिवेलागणीला उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. अंग गार पडलं, बोलणं तुटायला लागलं. चौधरीजींनी रिक्षा आणली आणि आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, काय खाल्लं, तर बाबा म्हणाले, "बाहर कचोरी खाई थी." त्या स्थितीतही! शिवरात्रीचा उपास, आणि म्हणे कचोरी. मी पुढे होऊन खरं ते सांगितलं, झाडाचं नाव सांगितलं, विष यकृतावर जातं हेही सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघून सगळं लिहून घेतलं. बाबा बरेच दिवस तिथे होते, डोळे पिवळे झाले होते. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी उभे राहून आईला म्हणाले, "माताजी, इतना खाकर बच गए, किस्मत है. किसी ने ठीक से धोया होगा, वरना मुश्किल था." आई म्हणाली, "हाँ, मैंने धोया था." बाबा डोळे मिटून पडले होते.

घरी आल्यावर समाचाराला लोक यायला लागले. काका आले, पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "दादा, झालं तरी काय यार?" बाबांनी उशीला टेकून एक सुस्कारा सोडला आणि आईकडे हात केला. "हिला नीट भिजवता आलं नाही. घाई केली. नाहीतर चीज एकदम चांगली होती."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण पाण्याचं बोलले, कळश्यांचं बोलले, डॉक्टरांचं बोलले. बाबा म्हणाले, "हिला आधी गप्प करा." आणि गप्प कुणी केलं? आईने. माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि म्हणाली, "राहू दे ना. उठले ते, तेवढं बस." मला तिचाही राग आला. तिचा राग येणं फार वाईट असतं, कारण तो काढायला जागा नसते.

झालं ते असं. त्यानंतर कॉलनीत कुठेही आई खिचडीचा डबा घेऊन गेली की कुणीतरी म्हणायचंच, "काकू, ठीक से भिगोया ना?" गंमतच होती ती, सगळ्यांसाठी. काकांच्या तोंडी किश्श्याला दरवर्षी नवी शेपटी फुटायची. आईने हळूहळू बाहेर काही करून न्यायचं बंद केलं. पाहुणे असले की खिचडी मला करायला लावायची, मी नसले तर शेजारणीला. जिच्या हातच्या खिचडीचा दाणा न् दाणा मोकळा असायचा, ती साबुदाणा भिजवताना शेजारणीला विचारायची, "एवढं पाणी पुरे ना गं?" हे मी ऐकलं आहे. माझं लग्न झालं, मी एम.एस्सी. केलं, शिकवायला लागले, मुलांना सायकसच्या बीजाचे काप दाखवले. प्रत्येक सणाला माहेरी गेले की मी तो किस्सा अर्ध्यावर तोडायची, आणि लोक म्हणायचे, "ही लहानपणापासूनच तापट आहे."

आई गेली. तेराव्याचं जेवण झालं, बाहेरची माणसं पांगली. बाबा तेव्हा खूप थकले होते, आरामखुर्चीत बसलेले, शेजारी काका. आणि काकांनी, त्या दिवशीसुद्धा, डोळे पुसत पुसत म्हटलं, "बिचारी वहिनी. आठवतं ना दादा, साबुदाण्यात तुला कसं..." त्यांना वाटलं असेल, तेवढंच वातावरण हलकं होईल. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठलंच वाक्य अर्धं न सोडता, मी सांगितलं की आठवडाभर रोज दोनदा पाणी कुणी बदललं आणि बाबा कुणामुळे जिवंत आहेत. काका बाबांकडे वळले. "खरं?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. "मला माहीत होतं ते."

मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं, काय माहीत होतं?

"पाणी टाकायची ती. न्हाणीतून दिसायचं ना रोज. दवाखान्यात तो डॉक्टर बोलला, तेही ऐकलं होतं मी."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"आता त्यात काय बोलायचं," बाबा म्हणाले, अगदी साध्या आवाजात, हवामानाविषयी बोलावं तसे. "तिला माहीत होतं की मला माहीत आहे. दवाखान्यातून घरी येताना रिक्षात मी तिला म्हटलं होतं, पाणी टाकलंस म्हणून वाचलो."

आणि ते चहा मागू लागले. कुणीतरी आणून दिला. मी तिथेच उभी होते. त्या दिवसापर्यंत मी समजत होते, की आई बिचारी गप्प राहिली कारण तिच्याजवळ साक्षीदार म्हणून माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तिच्याजवळ होता साक्षीदार. तो त्याच घरात राहत होता, रोज तिच्या समोर ताटावर बसत होता, आणि प्रत्येक वेळी काकांनी खुर्ची मागे सरकवली की ती त्याच्याकडे बघत असणार, आज तरी बोलतील म्हणून. मग हसायची आणि ताटं उचलायला उठायची.